पहिली चुकलेली ओळ

पाच विषयांचे गुण विचारायचे आणि त्यांची सरासरी दाखवायची, एवढंच काम. पायथन शिकायला लागलेले बहुतेक जण सुरुवातीच्या काही आठवड्यांत हा प्रोग्राम लिहितात आणि पुष्कळदा तो असा दिसतो:

गुण = []
फॉर क्रमांक इन रेंज(1, 5):
    गुण.अपेंड(इनपुट("गुण सांगा: "))
सरासरी = सम(गुण) / 5
प्रिंट(सरासरी)

फॉर, इन, रेंज, इनपुट, प्रिंट हे पायथनचे ठरलेले शब्द संगणकावर रोमन लिपीतच टाइप करायचे असतात. इथे ते देवनागरीत छापले आहेत. गुण, सरासरी ही व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत दिली तरी पायथन 3 ती तक्रार न करता घेतं.

या पाच ओळींत दोन चुका आहेत. एक लगेच ओरडते, दुसरी गप्प बसते. आधी ओरडणारी पाहू. प्रोग्राम रन केला की तो गुण विचारतो, आपण आकडे देतो आणि मग स्क्रीनवर चार-सहा ओळींचा इंग्रजी मजकूर उमटतो. त्यात चौथ्या ओळीकडे बोट दाखवलेलं असतं आणि शेवटी ‘टाइप एरर’ असं लिहून पुढे सांगितलेलं असतं, की पूर्णांक आणि मजकूर यांच्यामध्ये अधिकचं चिन्ह चालत नाही.

नवशिक्याचं इथे जे होतं ते कुठल्याही कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये पाहायला मिळतं. तो चौथी ओळ पुन्हा पुन्हा वाचतो. तिथे अधिकचं चिन्हच नाही. मग भागाकाराचं चिन्ह दोनदा देऊन बघतो, एक कंस वाढवतो, शेजारच्याच्या कोडमधली ओळ चिकटवतो. थोड्या वेळाने मूळ चूक तशीच राहते आणि तिच्याभोवती तीन नव्या तयार होतात. या विद्यार्थ्याची बुद्धी कमी पडलेली नाही. लाल अक्षरांतला तो मजकूर आपल्यासाठी लिहिलेला आहे, तो वाचायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

तर तो मजकूर वाचू. पायथनमध्ये याला ट्रेसबॅक म्हणतात आणि तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची ओळ काय बिघडलं ते सांगते. तिच्या वरच्या ओळी कुठे बिघडलं ते सांगतात: कोणती फाइल, कितवी ओळ, आणि तिथपर्यंत प्रोग्राम कुठून कुठून आला. आपल्या प्रोग्रामसाठी याचा अर्थ असा लागतो. बेरीज चौथ्या ओळीत दिसत नसली तरी ‘सम’ आतून बेरीजच करतं आणि ती शून्यापासून सुरू करतं. म्हणजे आपण आधी 70 दिले असतील, तर पहिलंच काम शून्य अधिक ‘70’ हे. पूर्णांक म्हणजे ते शून्य. मजकूर म्हणजे आपण दिलेले 70. पायथन 3 मध्ये ‘इनपुट’ जे काही परत देतं ते कायम मजकूरच असतं. माणसाने आकडे टाइप केले म्हणून त्याची संख्या होत नाही. ती करून घ्यावी लागते, इंट(इनपुट("गुण सांगा: ")) असं लिहून.

म्हणजे एरर दिसली चौथ्या ओळीत आणि चूक होती तिसरीत. या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लिहिणाऱ्याच्या मनात एक प्रोग्राम असतो, संगणकासमोर दुसरा. सुरुवातीला दोघं बरोबर चालतात. मग एका ओळीवर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात, पण त्याची बातमी पुष्कळदा बऱ्याच उशिरा येते. इथे ते वेगळं होणं तिसऱ्या ओळीत घडलं: मनात संख्या साठत होत्या, यादीत मजकूर साठत होता. चूक शोधायची म्हणजे ती पहिली ओळ शोधायची. जिथे आरडाओरडा झाला तिथून मागे चालत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर विचारायचं, इथे माझ्या मते काय असायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय आहे?

असं मागे जायला लावणारं आणखी एक उदाहरण नवशिक्यांना हमखास भेटतं. यादी क्रमाने लावायची म्हणून ते लिहितात: क्रमवार = गुण.सॉर्ट(). मग चार ओळींनंतर क्रमवार[0] मागितलं की टाइप एरर येते आणि तिच्यात ‘नन टाइप’ असा एक अनोळखी प्राणी दिसतो. सॉर्ट मूळ यादीच जागच्या जागी क्रमाने लावतं आणि परत काहीच देत नाही. ‘काहीच नाही’ यालाच पायथन ‘नन’ म्हणतं. नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड(गुण) असं लिहावं लागतं. ‘नन टाइप’ हे शब्द दिसले, की त्या व्हेरिएबलमध्ये शेवटची किंमत कुठे भरली गेली ते बघायला मागे जायचं.

नेम एरर त्यामानाने सोपी. नाव कुठेतरी वेगळं लिहिलं गेलंय, किंवा व्हेरिएबल तयार होण्याआधीच वापरलंय. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या पायथन 3.10 पासून तर संगणकच ‘तुम्हाला हे नाव म्हणायचं होतं का?’ असं विचारतो. एक जागा मात्र फसवी आहे. यादृच्छिक संख्यांचा प्रयोग करताना विद्यार्थी आपल्या फाइललाच ‘रँडम’ नाव देतो. मग ‘इंपोर्ट रँडम’ म्हटल्यावर पायथन आपलं मूळ मॉड्यूल न उघडता त्याचीच फाइल उघडतं आणि ‘यात असं काही नाही’ म्हणतं. कोड शंभर वेळा तपासला तरी चूक सापडत नाही, कारण ती कोडमध्ये नसून फाइलच्या नावात असते. पायथन 3.13 पासून या घोळाची सूचनाही एररमध्येच मिळते.

आता सिंटॅक्स एररकडे वळू. इथे संगणकाने प्रोग्राम चालवायला घेतलेलाच नसतो; वाचतानाच तो अडलेला असतो. जुन्या पायथनमध्ये कंस बंद करायचा राहिला, तर चूक पुढच्या, अगदी निर्दोष ओळीवर दाखवली जायची, कारण कंस बंद होण्याची वाट बघत संगणक पुढे वाचत राहायचा. 3.10 पासून तो ‘हा कंस बंदच झाला नाही’ असं नेमकं सांगतो. तरीही सिंटॅक्स एररमध्ये दाखवलेल्या ओळीच्या आधीची ओळ बघायची सवय ठेवावी. सी भाषेत तर ती हवीच: अर्धविराम राहतो सातव्या ओळीत, कंपायलर पुष्कळदा बोट ठेवतो आठव्या ओळीवर. सी शिकणाऱ्यांसाठी आणखी एक नियम. कंपायलरने तीस चुका दाखवल्या तरी फक्त पहिली दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. उरलेल्यांपैकी बऱ्याच त्या पहिलीच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

आपल्याकडे सिंटॅक्स एररचं एक खास मूळ आहे. नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा पीडीएफमध्ये येतात आणि कोड तिथून कॉपी होतो. वर्डसारख्या प्रोग्राममधून गेलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार अवतरणचिन्हं येतात. डोळ्यांना फरक जवळजवळ जाणवत नाही, पण पायथनच्या लेखी ते वेगळंच अक्षर असतं. एररमध्ये ‘अवैध अक्षर’ असं दिसलं तर अवतरणचिन्हं पुसून हाताने पुन्हा टाइप करावीत. शिकताना कोड कॉपी न करता हाताने टाइप करावा, असा आग्रह मी धरतो, त्याचं हेही एक कारण आहे.

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, म्हणजे इंडेंट, अर्थ ठरवते. सुरुवातीला अनेकांना हे जाचक वाटतं. सी भाषेत ती जागा केवळ माणसाच्या डोळ्यांसाठी असते आणि त्यातला धोका फेब्रुवारी 2014 मध्ये जगासमोर आला. अ‍ॅपलच्या फोन आणि संगणकांमधल्या सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळही ‘इफ’च्या आत असल्यासारखी दिसत होती, इंडेंट तसाच होता. पण महिरपी कंस नसल्यामुळे ती ‘इफ’च्या बाहेर होती आणि प्रत्येक वेळी चालत होती. परिणामी शेवटची सही तपासण्याआधीच कोड बाहेर पडायचा आणि सगळं ठीक असल्याचं कळवायचा. डोळ्यांना एक प्रोग्राम दिसत होता आणि यंत्र दुसरा चालवत होतं. पायथनने हा फरकच मिटवला. म्हणून इंडेंटेशन एररचा राग धरू नये. फक्त टॅब आणि स्पेस एकत्र मिसळू नयेत आणि प्रत्येक पातळीला चार स्पेस द्याव्यात.

आता आपल्या पाच ओळींतली गप्प बसलेली चूक. ‘इंट’ घातल्यावर प्रोग्राम नीट चालतो, एक आकडा छापतो आणि विद्यार्थी तो जर्नलमध्ये उतरवतो. आकडा चुकीचा आहे. कसं ओळखायचं? ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी माहिती द्यायची. प्रत्येक वेळी 50 टाइप करा. सर्व विषयांत 50 गुण असतील तर सरासरी 50 च यायला हवी. येते 40. रेंज(1, 5) म्हणजे 1, 2, 3, 4. शेवटचा आकडा धरला जात नाही. गुण चारदाच विचारले गेले, बेरीज 200 झाली, भागलं मात्र 5 ने. प्रोग्रामने पाचव्या विषयाचे गुण विचारलेच नाहीत, हे 78, 64, 81 असले आकडे भरताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सोपे आकडे दिल्यावर चूक लपू शकत नाही.

एकाने कमी-जास्त होण्याची ही चूक माणसाच्या मोजण्यातच आहे. शंभर मीटरच्या बांधावर दर दहा मीटरला एक खांब रोवून तारेचं कुंपण करायचं तर खांब किती? पटकन तोंडात येतं दहा, लागतात अकरा. अंतरं दहा, टोकं अकरा. एट्स्खर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये एक छोटं टिपण लिहून मांडलं होतं, की मोजणी शून्यापासून करावी आणि सुरुवात धरून शेवट वगळावा. त्यामुळे दोन्ही टोकांची वजाबाकी म्हणजेच नगांची संख्या येते. पायथनची रेंज याच पद्धतीची आहे. रेंज(0, 5) म्हणजे पाच फेऱ्या, पाच वजा शून्य. यादीतल्या जागाही तशाच: पाच नगांच्या यादीत शेवटचा नग चौथ्या क्रमांकावर असतो आणि पाचवा मागितला की इंडेक्स एरर येते.

दुरुस्ती करताना आणखी एक पाऊल टाकावं. 5 हा आकडा प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी आहे, म्हणून त्या दोघांत विसंगती येऊ शकली. भागताना 5 च्या जागी लेन(गुण), म्हणजे यादीत प्रत्यक्ष जितके गुण आहेत तितके, असं लिहिलं तर ती शक्यताच संपते. मग विषय सहा झाले तरी भागाकार बरोबर राहतो.

गप्प चुकांमध्ये आणखी एक फार चकवा देणारी आहे. इफ रंग == "लाल" ऑर "हिरवा" असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला ‘रंग लाल किंवा हिरवा असेल तर’ असंच वाटतं. मराठीत वाचा, इंग्रजीत वाचा, अर्थ तोच लागतो. पायथन त्याचे दोन तुकडे करतं: ‘रंग लाल आहे का’ हा एक, आणि नुसता ‘हिरवा’ हा दुसरा. रिकामा नसलेला कुठलाही मजकूर पायथन ‘खरा’ मानतं. त्यामुळे रंग निळा असला तरी ही अट पूर्ण होते. दोन्ही बाजूंना ‘रंग ==’ लिहावं लागतं. सी भाषेत याचीच बहीण आहे: तुलनेसाठी == लिहायच्या ऐवजी एकच = लिहिलं, की तुलना होत नाही, किंमतच बदलते आणि कंपायलर फार तर इशारा देतो. ते इशारे दिसतील अशी सेटिंग ठेवावी आणि प्रत्येक इशारा वाचावा.

दशांश संख्यांचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे कोड बरोबर असतो. 0.1 आणि 0.2 यांची बेरीज छापली तर 0.30000000000000004 येते. एकतृतीयांश दशांशात लिहायला गेलं की तिनांची रांग संपत नाही. तसाच एकदशांश द्विमान पद्धतीत कधीच पूर्ण लिहून होत नाही. संगणक तो कुठेतरी तोडतो आणि किंचित फरक उरतो. हा फरक किती महागात पडू शकतो, ते 25 फेब्रुवारी 1991 रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान इथे दिसलं. पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचं आणि 0.1 ही संख्या 24 बिटांत तोडून ठेवलेली होती. यंत्रणा सुमारे शंभर तास बंद न करता चालू राहिली आणि घड्याळाची चूक साचत साचत सेकंदाच्या एकतृतीयांशापर्यंत गेली. येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणेने ते भलत्याच जागी शोधलं. 28 अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी धहरानला पोहोचलं. शिकणाऱ्याने यातून दोन सवयी उचलाव्यात: दशांश संख्या == ने ताडून पाहू नयेत, त्यांच्यातला फरक पुरेसा लहान आहे का ते बघावं; आणि पैशांचा हिशेब पूर्णांक पैशांत ठेवावा.

पहिली चुकलेली ओळ शोधायचं सर्वांत साधं हत्यार म्हणजे प्रिंट. मधे मधे व्हेरिएबल छापून बघायचं. आपल्या प्रोग्राममध्ये चौथ्या ओळीच्या आधी प्रिंट(गुण) टाकलं असतं, तर यादीतल्या प्रत्येक आकड्याभोवती अवतरणचिन्हं दिसली असती आणि हा मजकूर आहे हे तिथेच कळलं असतं. एकटा मजकूर छापताना मात्र ही चिन्हं दिसत नाहीत. ‘पुणे’ आणि शेवटी स्पेस असलेलं ‘पुणे ’ स्क्रीनवर सारखेच दिसतात, तुलना मात्र फसते. अशा वेळी प्रिंट(रेप्र(शहर)) लिहावं. अवतरणचिन्हांसकट खरी किंमत समोर येते. प्रोग्राम लांब असेल तर बरोबर मध्यावर एक प्रिंट ठेवावा. तिथपर्यंत सगळं ठीक असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. मग त्या अर्ध्याचा मध्य. शंभर ओळींतली एक ओळ अशा सात तपासण्यांत सापडते.

मराठी मजकुराशी काम करणाऱ्यांना एक गोष्ट कुठल्याच इंग्रजी पाठ्यपुस्तकात सहसा मिळत नाही. ‘नमस्ते’ची लांबी पायथनला विचारा; उत्तर 6 येतं. न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा, असे सहा घटक युनिकोडमध्ये साठवलेले असतात. म्हणून ‘मराठी’ उलटा करायला सांगितलं, की वेलांटी सुटून पुढे येते आणि काना ठ ला चिकटतो. कोड बरोबर, यंत्र बरोबर, फक्त ‘अक्षर’ कशाला म्हणायचं याबद्दल आपलं आणि यंत्राचं मत वेगळं.

फाइलची गंमत याहून विलक्षण आहे. विंडोजवर मराठी फाइल उघडताना तिची लिपीसंकेत-पद्धत सांगितली नाही, तर पायथन पुष्कळदा ती 1252 या जुन्या युरोपीय सारणीनुसार वाचतं. त्या सारणीत पाच जागा रिकाम्या आहेत आणि त्यांपैकी एक 141 क्रमांकाची. हलन्त चिन्ह यूटीएफ-8 मध्ये ज्या तीन बाइटांनी साठवलं जातं त्यातला शेवटचा नेमका 141 आहे. त्यामुळे फाइलमध्ये जोडाक्षर आलं की प्रोग्राम एरर देऊन थांबतो आणि ‘मराठी’सारखे साधे शब्दच असले तर एरर न देता परक्या चिन्हांचा कचरा छापतो. एकच कोड एका फाइलवर एक वागतो आणि दुसरीवर दुसरं, आणि विद्यार्थी चक्रावतो. फाइल उघडतानाच एन्कोडिंग="यूटीएफ-8" असं सांगितलं की दोन्ही प्रश्न सुटतात. एक सुखद बाब मात्र सांगायला हवी: इंट("७०") असं देवनागरी आकड्यांत लिहिलं तरी पायथन त्याचे बरोबर 70 करून देतं.

शेवटचा विषय मदत करणाऱ्यांचा. 1949 मध्ये केंब्रिजला एडसॅक हा संगणक सुरू झाला. तो बांधणाऱ्या मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत त्याच वर्षातला एक क्षण नोंदवून ठेवला आहे: जिना चढता उतरता त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार. संगणक बांधणाऱ्याचं हे, तर पहिल्या वर्षाच्या मुलीला ‘एवढंही कळत नाही का’ असं विचारण्याचा हक्क कुणालाच नाही. ती हात वर करते, ‘सर, रन होत नाहीये’ म्हणते आणि सर तिचा कीबोर्ड आपल्याकडे ओढून दोन सेकंदांत कंस टाकतात. प्रोग्राम चालतो. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी त्याच जागी पुन्हा अडते.

कीबोर्ड तिच्याकडेच राहू द्यावा. तिला एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला सांगावं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे भाषेचीच अडचण असते आणि ती बोलून दाखवायला त्यांना संकोच वाटतो. एरर मेसेजची इंग्रजी मात्र फार मोठी नाही. एक्स्पेक्टेड, अनडिफाइंड, मिसिंग, आर्ग्युमेंट, इंडेक्स, अ‍ॅट्रिब्यूट असे थोडे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिल्याच तासाला ते मराठीत समजावून लॅबच्या भिंतीवर लावले, तर अर्ध्या शंका विचारण्याआधीच सुटतात. मग तिला विचारावं, ‘या ओळीनंतर या व्हेरिएबलमध्ये काय असेल असं तुला वाटतं?’ उत्तर कागदावर लिहून घ्यावं, मग प्रिंट करायला लावावं. दोन्ही जुळलं तर पुढची ओळ.

आता तर एरर जशीच्या तशी चॅटबॉटला देऊन दुरुस्त कोड मागता येतो, आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. तरी त्याला आधी कोड मागू नये. एररचा अर्थ विचारावा, दुरुस्ती स्वतः लिहावी. मित्राला विचारायचं असेल तर सगळा दोनशे ओळींचा प्रोग्राम पाठवू नये. चूक कायम राहील अशा बेताने एकेक भाग काढत जावा, शेवटी आठ-दहा ओळी उरतात. त्या ओळी, दिलेली माहिती, अपेक्षित उत्तर, आलेलं उत्तर आणि एररचा पूर्ण मजकूर, एवढं पाठवावं. ओळी कमी करता करताच चूक बहुतेक वेळा सापडते आणि पाठवायची वेळ येत नाही. सापडली की अंदाजाने केलेले बाकीचे बदल आधी मागे घ्यावेत. नंतर तीच सोपी माहिती पुन्हा द्यावी, आणि मग वाकडी: गुणांच्या जागी ‘सत्तर’ हा शब्द, उणे पाच, किंवा यादी रिकामी असताना सरासरी. पहिल्याला व्हॅल्यू एरर येईल, शेवटच्याला शून्याने भागल्याची. उणे पाच मात्र प्रोग्राम काही न बोलता स्वीकारेल. तिथे काय करायचं ते लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं.